एक तारा कमी चालणार नाही

रोहेकर साहेबांविषयी लिहायचं तर आधी हे सांगितलं पाहिजे, की माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. मिटवायचा माझा विचारही नाही. काही भांडणं माणसाजवळ असावीत.

मी नाशिकला द्वारका चौकाच्या अलीकडे जुन्या फर्निचरचा धंदा करतो. हातगाडी ढकलत भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत. कोणी हात धरून शिकवलं नाही. समोरचा माणूस चहाचा कप किती वेळ हातात धरून बसतो, यावरून तो भावात किती खाली येणार ते मला कळतं. माझा हा अंदाज एकदाच चुकला, तो रोहेकर साहेबांच्या घरी.

ते इगतपुरीला रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन नाशिक रोडला फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि त्यांचं सागवानी कपाट नव्या घराच्या दारातून आत जाईना. ते जिन्यातच उभं होतं. म्हणजे विकणाऱ्याला घाई होती आणि मला नव्हती. असा सौदा हातात आला की मी आतून गाणं म्हणतो. भाव ठरत आला होता. इतक्यात साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, 'बस, येतो' म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी बसलो. आतून हळू आवाजात काहीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. मला वाटलं, फोन लावलाय. दुसरा व्यापारी गाठलाय. काकूंनी चहा आणला, नारळाच्या दुधातला हलवा आणला. मी कपाटाकडे बघत बसलो. त्याच्या कड्या पितळेच्या होत्या, आतला कप्पा एकसंध फळीचा होता, आणि जितका वेळ एकटा बसलो तितकं ते कपाट मला चांगलं दिसायला लागलं. साहेब बाहेर आले तेव्हा ते काही बोलायच्या आत मीच भाव वाढवून सांगितला. समोर कोणी बसलेलं नसताना माझा भाव वर गेला, असं आयुष्यात त्या एकदाच झालं.

ते आत प्रार्थनेला गेले होते. नंतर मी काकूंना म्हणालो, की धंद्यात इतकी वर्षं काढली पण ही युक्ती कोणी केली नव्हती. काकू इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसायला लागल्या. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, की मी जास्त सांगितलेला भाव अजून कायम आहे ना.

ते बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, काकूंची नऊवारी फक्त लग्नाकार्याला, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा. बिल्डिंगमधले लोक त्यांना कधी ख्रिश्चन समजायचे, कधी पारशी. साहेब प्रत्येकाची चूक सुधारायचे, आणि तीही गोडीने नाही. केस पांढरे आणि मिशी मात्र काळी केलेली. मिशी का रंगवता म्हणून विचारलं, तर म्हणाले, केस सरकारी नोकरीत पांढरे झाले, मिशी माझी स्वतःची आहे.

'संध्याकाळी येतो' असं त्यांना सांगायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, कुठली संध्याकाळ, दिवसाची की रात्रीची? पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. मग एकदा त्यांनी नीट समजावून सांगितलं. दुपारची प्रार्थना मिन्हा. सूर्य डोक्यावरून कलला की तिची वेळ सुरू होते. रात्रीची अरवित, ती आभाळात तीन तारे दिसले की. आता सूर्य बुडायच्या आधीचा जो शेवटचा तुकडा, तो कुणाचा? त्यांच्या जुन्या शास्त्र्यांमध्ये यावर दोन मतं. एक म्हणतो, त्या तुकड्याच्या आधीच मिन्हा आटपा, तिथून पुढे अरवित म्हटली तरी चालते. दुसरा म्हणतो, सूर्य आहे तोवर मिन्हा आणि अंधार पडल्याशिवाय अरवित नाही. वाद मिटलाच नाही. शेवटी ठरलं, की हवं ते मत धरा. पण धराल ते धरून राहा. त्याच तुकड्याला एकदा दिवस समजून मिन्हा म्हणायची आणि लगेच त्यालाच रात्र समजून अरवित उरकायची, हे नाही.

मी म्हणालो, म्हणजे एक माल दोन गिऱ्हाइकांना विकायचा नाही.

साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला लगेच कळलं, पगारे. दोनदा विकून बघितलेला दिसतोस."

साहेबांनी दुसरं मत धरलं होतं. त्यांची मिन्हा त्या शेवटच्या तुकड्यातच असायची, कारण नोकरीत तेवढीच सोय मिळायची. घाटात गाडी चढत असताना शेवटच्या डब्यात उभं राहून ते मिन्हा म्हणायचे. त्यामुळे तो तुकडा कायमचा दिवसाच्या नावावर झाला होता.

इगतपुरीच्या पावसाळ्यात मात्र तारे महिनोन्महिने दिसायचे नाहीत. मग रात्र झाली हे ठरवायचं कसं? त्यांच्यात त्याचीही सोय लिहून ठेवलेली आहे. आभाळ भरलेलं असेल तर गावात कोंबड्या बघाव्यात आणि रानात कावळे, ते निजायला गेले की रात्र. म्हणून काकूंनी क्वार्टरमागे कोंबड्या पाळल्या होत्या. शेजाऱ्यांना वाटायचं अंड्यांसाठी. साहेब सांगायचे, की एका वर्षी त्यातली एक कोंबडी आजारी पडली आणि दुपारपासूनच खुराड्यात जाऊन बसायला लागली, तेव्हा फार पंचाईत झाली. काकू मध्येच म्हणायच्या, "हे त्या कोंबडीचं ऐकायला तयार होते. मी नाही ऐकलं."

त्यांच्या अंगातला हट्ट सगळ्या बिल्डिंगला माहीत होता. सोसायटीची मीटिंग सूर्य बुडायच्या वेळी ठेवली की साहेब मधूनच उठून जायचे. चेअरमन एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, तुमचा देव जरा वेळ थांबणार नाही का? साहेब दारातून म्हणाले, तो थांबतो हो, तो कुठे जातोय, उशीर मला होतो. पुढे सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. साहेब गच्चीवर जाऊन आभाळ बघायचे, त्यांना किल्ली हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, एकाला दिली तर सगळे मागतील. ठीक आहे, साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दिवस मावळला की साहेब खाली गेटच्या बरोबर मध्ये येऊन उभे राहायचे, मान वर करून. कामावरून येणाऱ्या स्कूटर, रिक्षा, मोटारी त्यांच्यापुढे अडायच्या. हॉर्न वाजायचे. साहेब मान खाली न करता हात वर करायचे, जसा गार्ड गाडी थांबवायला करतो तसा. आठवडाही गेला नाही, सेक्रेटरी स्वतः किल्ली घेऊन वर गेले. मी त्यांना म्हणालो, साहेब, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं. ते म्हणाले, मला काही विकायचं नसतं, म्हणून जमतं.

मी आठवड्यातून एकदा तरी जायचो. कधी काम असायचं, बहुतेक वेळा नसायचं. काकू मला पगारेभाऊ म्हणायच्या. माझी बायको बाळंतपणात आजारी होती तेव्हा त्यांनी महिनाभर डबा पाठवला, आणि मी काही म्हणायला गेलो तर डब्याची झाकणं नीट धुऊन परत करत जा, एवढंच म्हणाल्या.

मग काकू गेल्या. त्यांना ठाण्याला नेऊन पुरलं, कारण तिथे त्यांच्या समाजाची दफनभूमी आहे. वर्ष व्हायला आलं तेव्हा साहेब मला म्हणाले, की त्यांना कद्दिश म्हणायची आहे. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात, आणि ते ज्यूच असावे लागतात. नाशिकमध्ये तेवढे कुठून आणणार? मी म्हणालो, बेनी तिकडे म्हणेलच की. बेनी त्यांचा मुलगा, इस्राईलला असतो. साहेब म्हणाले, तो आईसाठी म्हणेल. मला बायकोसाठी म्हणायची आहे, आणि ती ज्या घरात राहिली तिथे म्हणायची आहे.

मी म्हणालो, माणसं मी आणतो.

त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. काकूंचा वर्षाचा दिवस त्या वर्षी रविवारी अंधार पडल्यावर लागत होता आणि सोमवारी दिवस मावळताना संपत होता. सोमवारी सगळ्यांची कामं. म्हणजे रविवारीच, अंधार पडल्यावर. मी ठाणे-कल्याणकडचे नंबर मिळवले, एकेकाला फोन केले. कोणाला नाशिकची द्राक्षं कबूल केली, कोणाला दारापासून दारापर्यंत गाडी, एका म्हाताऱ्याला त्याच्या आरामखुर्चीला नवीन वेत घालून देण्याचं. नऊ पुरुष जमवले, दहावे साहेब. माझी स्वतःची मोठी गाडी पाठवली. इतका कठीण माल मी आजवर गोळा केला नव्हता.

गाडी घाटात अडकली. पुढे ट्रक उलटला होता. माणसं पोहोचली तेव्हा उन्हं पार उतरली होती. घाईघाईने मिन्हा झाली, दहा जणांची, त्या घरातली पहिलीच. मी दाराबाहेर चपलांपाशी उभा राहून ऐकत होतो. आणि मिन्हा संपते न संपते तोच एक तरुण उठला. तो इस्पितळात नर्स होता, त्याची रात्रपाळी होती. ही आगगाडी चुकली तर तो वेळेवर पोहोचणार नव्हता आणि त्याच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं. मी त्याला मोटारीने सोडतो म्हणालो, पण मोटारीला तोच अडलेला घाट होता. मी त्याच्या वॉर्डमध्ये फोन लावायला सांगितला. त्याने माझ्यासमोर लावला. कोणी मिळालं नाही. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. तो खोटं बोलत नव्हता.

आलेल्यांमध्ये एक जाणते होते, त्यांनी तोडगा काढला. अरवित आत्ताच म्हणू या, मागोमाग कद्दिश, मुलगा गाडीला जाईल. लोकांच्या सोयीसाठी कित्येक ठिकाणी असंच करतात, कोणी त्याला पाप म्हणत नाही. मी मनात म्हटलं, झालं. सौदा बसला.

साहेब खिडकीपाशी उभे होते. बाहेर अजून पिवळा उजेड होता. "आत्ताच मिन्हा म्हटली ना आपण? मग अजून दिवस आहे."

जाणत्यांनी पुन्हा समजावलं. मग मी पुढे झालो. माझा आवाज चढला असेल, तो चढतोच. मी म्हणालो, साहेब, तुमच्याच शास्त्रात दोन मतं आहेत, आजच्यापुरतं ते पहिलं धरा. बारा महिने वाट बघितलीत. माणसं समोर उभी आहेत. थोड्या उजेडासाठी सगळं घालवता?

साहेबांना राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. ते म्हणाले, "माझे डोळे अधू झाल्यावर आभाळ तीच बघायची, पगारे. उपासाच्या दिवशी मी तिला विचारायचो, दिसले का तीन? ती म्हणायची, दोन. घशाला कोरड पडलेली असायची माझ्या. खोटं सांगितलं असतं तर मला कधी कळलंही नसतं. तिने मला एक तारा कमी मोजून दिला नाही. आणि आता तिच्या नावाने म्हणायचं, तर मी मोजणीत मारू?"

 त्या तरुणाने साहेबांचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि तो जिना उतरून गेला.

अंधार पडला. साहेब गच्चीवर गेले, अधू डोळ्यांनाही तारे दिसेपर्यंत थांबले, खाली आले, म्हणाले, रात्र झाली. खोलीत नऊ जण होते. मी अजून दारातच होतो. मी म्हणालो, मला धरा दहावा. आत एकाने खाली बघितलं. दुसरा हळूच म्हणाला, आज कोण बघायला येतंय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी निघून आलो. एकही शब्द बोललो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की मी गप्प बसलो म्हणजे काय. मोजणीत न धरलं जाणं आमच्या घराला नवीन नाही. माझ्या आजोबांना ते दर पाणवठ्यावर माहीत होतं, आणि बाबासाहेबांच्या मागे उभं राहून आम्ही त्यातून बाहेर आलो, कोणाच्या मेहरबानीने नाही. हे दाराबाहेरचं दुखणं निराळं आहे, त्यात कमी लेखणं नाही, हे मला कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. गाडी माझी, माणसं माझी, ज्या बाईच्या हातचं मी खाल्लं तिच्यासाठी सगळं, आणि मी चपलांपाशी. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

काही महिन्यांनी साहेब दुकानात आले. तोवर कधी आले नव्हते. विकलेल्या सोफ्यावर बसले. मी म्हणालो, तो गिऱ्हाइकाचा आहे, उठा. ते उठले नाहीत.

बेनीकडे जातोय, म्हणाले. बेनी किती वर्षं बोलावत होता आणि ते किती वर्षं नाही म्हणत होते, हे मला माहीत होतं. नाशिक सोडून मी कुठे जाणार, माझं भांडणाचं माणूस इथे आहे, असं म्हणायचे. मी टोचून विचारलं, आता देश आठवला वाटतं?

"देशासाठी नाही. दहा माणसांसाठी. तिथे म्हणे रस्त्यावर उभं राहून हाक मारली तरी दहा जमतात. दुसरं वर्ष मी चुकवणार नाही."

मी कागद चाळायचं सोंग करत राहिलो. मग ते म्हणाले, "त्या दिवशी आत होते ते मोजणीला आले होते. तिला ओळखणारे आपण दोघंच होतो. तुला मोजता आलं नाही, त्याचं तुला वाईट वाटलं. वाटू दे. मलाही वाटलं. म्हणून काही तो आकडा बदलत नाही."

ही माफी नव्हती. मी तिला माफी म्हणून घेतलंही नाही. मी विचारलं, विमानतळावर कोण सोडतंय? टॅक्सी सांगितली आहे, म्हणाले. मी म्हणालो, टॅक्सी रद्द करा.

तिकडे त्यांना दहा मिळाले. बेनीने फोन करून सांगितलं, की पपांनी सगळ्यांना पूर्ण अंधार पडेपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग कद्दिश म्हटली. तिथले लोक जरा वैतागले होते म्हणे. वैतागू देत. बरं झालं. माझी तक्रार आहे तशीच आहे.

पण साहेब म्हटलं की मला त्या जाण्याच्या दिवशीचे दिसतात. निघायला उशीर झाला होता. घाट उतरून आम्ही सपाटीला लागलो आणि सूर्य समोरच्या काचेत आला. मागे बेनी बसला होता, तो वडलांना न्यायला आला होता. साहेबांनी माझ्या दंडाला हात लावला. बेनीने ते पाहिलं आणि म्हणाला, पपा, आज राहू दे, विमान आहे, गाडीतच बसून म्हणा, चालतं. मी कडेला घेऊन गाडी थांबवली आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"अंकल, प्लीज, चेक-इन बंद होईल."

मी म्हणालो, त्यांचं होईपर्यंत ही गाडी हलणार नाही.

साहेब उतरले. रस्त्याच्या कडेला गवतात उभे राहिले. त्यांचं जेरुसलेम आपल्याला पश्चिमेला पडतं, त्यामुळे सूर्य बरोबर तोंडावर होता. शेजारून ट्रक जात होते आणि त्यांचा शर्ट फडफडत होता. इतक्यात पोलिसांची मोटारसायकल येऊन थांबली. हवालदाराने विचारलं, गाडी बंद पडली का? मी म्हणालो, बंद पडली नाही, बंद केली आहे. तो म्हणाला, इथे थांबता येत नाही, काढा. मी म्हणालो, बोर्ड कुठे आहे? त्याने बोर्ड दाखवला. मी म्हणालो, तो बोर्ड पुलासाठी आहे. तो म्हणाला, पूल इथूनच सुरू होतो. मी म्हणालो, कुठून, ते दाखवा. त्याला मी गाडीच्या मागे घेऊन गेलो, मग पुढे घेऊन गेलो. त्याने पावतीपुस्तक काढलं, मी त्याला कलम विचारलं. सौदा कसा लांबवायचा हे मला कोणी शिकवायला नको.

त्याच्या खांद्यावरून मला साहेब दिसत होते. सूर्याची नुसती कड उरली होती. ते तीन पावलं मागे सरले, जसं मोठ्या माणसासमोरून निघताना पाठ न दाखवता सरतात तसे, डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले, आणि मग ताठ उभे राहिले. त्यांचं झालं होतं.

मी हवालदाराला म्हणालो, तरीसुद्धा, हा पूल नाही.